उरलेल्या गोळ्या

सत्यासाठी सर्वस्व पणाला लावणारी माणसं शतकातून एखाददुसरीच जन्माला येतात. आमच्या मॅडम त्यांतल्या एक. पणाला लागलेलं सर्वस्व माझं होतं, एवढा तपशील सोडला तर त्यांच्या थोरवीत काही उणं नाही.

माझं सर्वस्व म्हणजे एम.फार्म.ची पदवी. अंबडच्या एका औषध कंपनीनं मला नोकरीचं पत्र दिलं होतं आणि त्यात खाली अट होती की पदवी जुलैच्या आत हातात हवी. मॅडम माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक होत्या. नाशिकमधून पेठ रस्त्यानं बाहेर पडलं की उजव्या हाताला एका उघड्या टेकडीखाली आमचं फार्मसी कॉलेज आहे; तिथे त्या तेव्हा शिकवायच्या आणि आताही शिकवतात. माझा विषय साधा होता. बीपी आणि शुगरची माणसं आयुष्यभराच्या गोळ्या खरोखर घेतात का, आणि फार्मासिस्टनं त्यांना बसवून नीट समजावलं तर जास्त घेतात का. विद्यापीठाच्या मराठीत याला ‘औषधसातत्य’ म्हणतात. मॅडमसमोर हा शब्द उच्चारला की त्या मागे वळून बघत, कोणी बडा पाहुणा आला की काय म्हणून.

मॅडम बुटक्या, पन्नाशीच्या आणि कायम घाईत. प्रयोगशाळेत घालायचा पांढरा एप्रन त्या स्कूटरवर घालायच्या आणि प्रयोगशाळेच्या दारात काढून ठेवायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, धूळ रस्त्यावर असते. प्राचार्यांनी यावर एकदा परिपत्रक काढलं. मॅडमनी ते वाचलं, सही केली आणि एप्रन काढून आत गेल्या.

त्यांचा पहिला नियम असा होता की रुग्णाला ‘औषध घेता का?’ असं कधीच विचारायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी एक छापील प्रश्नावली घेऊन गेलो होतो आणि तिच्यात हाच प्रश्न पहिला होता. मॅडमनी ती घडी घालून टेबलाच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवली.

“आपल्याकडे प्रश्न विचारला की माणूस उत्तर देत नाही,” त्या म्हणाल्या. “पाहुणचार करतो. तुला काय ऐकायला आवडेल ते बघतो आणि ते वाढतो.”

मग काय विचारायचं? काहीच नाही. घरात जायचं, पाणी मागायचं आणि गोळ्या कुठे ठेवल्यात ते बघायचं. या शास्त्रात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गोळ्या चहा-साखरेच्या डब्याशेजारी असल्या तर त्या घेतल्या जातात. फ्रिजवर असल्या तर अधूनमधून. शोकेसमध्ये बाहुलीशेजारी असल्या तर मुलानं पुण्याहून पाठवल्यात आणि त्या दाखवण्यासाठी आहेत. आणि देव्हाऱ्यात असल्या तर त्या घेत नाहीत, त्यांची पूजा करतात. सिडकोतल्या एका घरात आम्ही पाऊल टाकलं आणि मॅडमनी आल्या आल्या तिथल्या काकांना सांगितलं की तुमची शुगर वाढलेली आहे. काका चकित झाले. तुम्हाला कसं कळलं? मॅडम म्हणाल्या, पाकीट टीव्हीच्या मागे पडलंय, त्यावर पालीची अंडी आहेत.

लोकांना वाटायचं की या सगळ्यामागे काहीतरी मोठं दुःख असणार. वडील, भाऊ, कोणीतरी चुकलेल्या गोळीनं गेलं असणार. आमच्या वर्गात यावर तीन वेगवेगळ्या करुण कथा प्रचलित होत्या. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तसं काही नाही रे. मला लोकांच्या घरात डोकावायला आवडतं.”

त्यांचा दुसरा सिद्धान्त उपासांचा. औषधाची चौकशी करायची नाही, उपासांची करायची, कारण उपास माणूस अभिमानानं सांगतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शनिवार. त्या दिवशी गोळी बंद. का, तर गोळीत काय असतं कोणाला ठाऊक. मैदा निघाला तर उपास मोडायचा. मालेगावला मात्र हा सिद्धान्त उताणा पडला. तिथले एक यंत्रमागवाले चाचा मॅडमना म्हणाले की रमजानमध्ये त्यांची एकही गोळी चुकत नाही, डॉक्टरांना विचारून सेहरीला एक आणि इफ्तारला एक ठरलेली असते. “रमजान में तो पूरा घर घडी देखता है, मॅडम. बाकी ग्यारह महिने कौन देखता?” परतीच्या एसटीत चांदवडला मॅडमनी ते तिकिटामागे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, या माणसाचं एक वाक्य आपल्या विभागाच्या दहा वर्षांच्या कामापेक्षा बरं आहे, पण ते कुठे छापणार?

वणीचा प्रयोगही असाच, न छापलेला. नवरात्रात वणीच्या पंचक्रोशीतली निम्मी बीपीची माणसं नऊ दिवस गोळ्या बंद ठेवतात, हा मॅडमचा शोध. गडाच्या रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाचं मेडिकल होतं. मॅडमनी त्याच्याकडून एक पाटी रंगवून घेतली, ‘येथील बीपीच्या गोळ्या उपासाला चालतात.’ दुकानदार घाबरत होता. मॅडम म्हणाल्या, खोटं काय आहे त्यात? चालतातच.

चार दिवसांत दुकानात रांग लागली. माणसं येऊन म्हणू लागली, मला ती उपासाची गोळी द्या, साधी नको. दुकानदारानं तीच पाकिटं दिली. एका म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या सुनेनं समोरच्या दुकानातून तेच पाकीट आणून दिलं, तर त्यांनी ते परत पाठवलं, कारण ते साधं होतं. मग समोरच्या दुकानदारानंही पाटी लावली, ‘आमच्या गोळ्यांना साबुदाणाही चालतो.’ दसऱ्याला पुन्हा तीच माणसं आली आणि म्हणाली, आता उपास सुटला, आता साधी द्या. त्यांना तीच पाकिटं पुन्हा देण्यात आली आणि ती समाधानानं परत गेली. मॅडमच्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत यशस्वी प्रयोग. त्याबद्दल त्यांनी कुठेही एक ओळ लिहिली नाही.

अशा बाईच्या हाताखाली मी माझा प्रबंध करत होतो. माझं काम घोटीला होतं. घोटीच्या बाजारपेठेतल्या एका मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या नेणारी माणसं मी दोन गटांत वाटली. एका गटाला मी दर महिन्याला घरी जाऊन भेटायचो, बीपी म्हणजे काय, गोळी का चुकवू नये, हे समजावायचो. दुसऱ्या गटाला नुसत्या गोळ्या मिळायच्या. महिनाअखेरीला दोन्ही गटांकडून पाकिटं परत घ्यायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. जितक्या उरल्या, तितक्या चुकल्या.

दुसऱ्या गटाच्या पाकिटांत गोळ्या उरत होत्या, जशा जगभर उरतात. माझ्या गटाची पाकिटं मात्र साफ रिकामी. पहिल्या महिन्यात गोळ्या उरल्या होत्या, पुढे एकही नाही. माझ्या वाणीत हे सामर्थ्य आहे, याची मला कल्पना नव्हती, पण पुरावा समोर होता आणि मी शास्त्राचा विद्यार्थी होतो. मी चार रंगांचे आलेख काढले. मॅडम म्हणाल्या, रंगपंचमी पंचवटीत खेळतात, प्रबंधात नाही. पण आलेखाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

प्राचार्यांनी मात्र तो आलेख पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत फ्लेक्स उभा राहिला. आमचे प्राचार्य मनानं उदार. कुठलंही यश मिळालं की फ्लेक्स, आणि मिळण्याच्या आधी लागला तर तो त्याहून मोठा. आठवड्याभरात कॉलेजच्या फाटकावर माझा कोट घातलेला फोटो, वर प्राचार्यांचा माझ्याहून मोठा फोटो आणि मध्ये ‘ग्रामीण रुग्णांच्या औषधसातत्यात अभूतपूर्व यश’. आईनं त्याचा फोटो स्टेटसला ठेवला.

मॅडमनी फाटकाशी स्कूटर थांबवली, फ्लेक्स वाचला आणि मला म्हणाल्या, “माणसं इतकी चांगली नसतात रे. मी पण नाही. चल घोटीला.”

आम्ही गेलो त्या गल्लीच्या तोंडाशीच एक आजी राहायच्या. माझ्या गटातल्या सर्वांत उत्साही. मी गेलो की आधी जेवायला बसवायच्या, मग बीपीचं ऐकायच्या. गोळ्यांचं पाकीट कायम चहाच्या डब्याशेजारी, म्हणजे मॅडमच्या शास्त्रातही पहिला नंबर. मॅडमनी पाणी मागितलं, पाकीट पाहिलं आणि गोळ्यांचं नाव न काढता भाताचं विचारलं. घोटीच्या माणसाला भाताचं विचारलं की वेळ बरा जातो. या वर्षी इंद्रायणी कसा झाला, पाणी किती, गिरणीत भाव काय. आजींनी भात आणि वरण वाढलं. मॅडमनी लोणचं मागितलं.

फळीवर दोन चिनी मातीच्या बरण्या होत्या. आजींनी उजवीकडची काढली.

“अन् ह्या दुसऱ्या बरणीत काय, लिंबाचं का?” मॅडमनी विचारलं.

“ती नाय,” आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “ती ह्या पोराची हाय.”

माझी कसलीही बरणी नव्हती. मॅडमनी हात पुढे केला, आजींनी बिनदिक्कत बरणी दिली. झाकण उघडलं तर आत गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, पाकिटातून सोडवून नीट ठेवलेल्या, वर मुंग्या येऊ नयेत म्हणून दोन लवंगा.

आजींनी जे सांगितलं, त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. डोकं दुखलं की त्या गोळी घ्यायच्या. उपासाला नाही, लग्नाकार्याला नाही, शेतावर गेलं तर नाही. महिन्याला बऱ्याच उरायच्या. पण पहिल्या दिवशी मी कागदावर अंगठा घेताना सांगितलं होतं की हे माझ्या परीक्षेसाठी आहे, सहकार्य करा. पहिल्या महिन्यात उरलेल्या गोळ्या मोजताना माझं तोंड उतरलेलं त्यांनी पाहिलं होतं.

“आम्हाला कळंना व्हय?” आजी म्हणाल्या. “गोळ्या उरल्या की पोराचे मार्क जात्यात. लय लांबून येतं बिचारं, उन्हातान्हाचं. म्हणून काढून ठिवल्या. टाकायच्या कशा, औषध हाय.”

“आणि बाकीच्या घरांत?” मॅडमनी विचारलं. आवाज अगदी गोड.

“मीच सांगून येते की समद्यांना. पोरगं यायचं हाय, गोळ्या काढून ठिवा.”

मॅडमनी दुसऱ्यांदा भात घेतला. मला काही गेलं नाही. माझी पदवी, अंबडची नोकरी आणि फाटकावरचा फ्लेक्स हे सगळं एका लोणच्याच्या बरणीत होतं आणि वर लवंगा होत्या.

परतताना मी बाजू मांडली. तारीख डोक्यावर होती. आकडे खोटे नव्हते, पाकिटं खरंच रिकामी होती, मी फक्त पाकिटंच मोजणार होतो असं प्रस्तावात लिहिलेलं होतं. तांत्रिकदृष्ट्या मी निर्दोष होतो. मॅडम एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या की तांत्रिकदृष्ट्या निर्दोष माणसांनीच हा विषय इतका कंटाळवाणा केला आहे. शिवाय चूक आजींची नव्हती. “तू संमती घेतली नाहीस,” त्या म्हणाल्या. “तू गाऱ्हाणं घातलंस. ते त्यांनी ऐकलं.”

आता सगळं परत लिहायचं होतं. मी सुचवलं, पुन्हा घोटीला जातो आणि सांगतो की खऱ्या उरलेल्या गोळ्या दाखवल्या तरच मार्क मिळतात. मॅडमनी माझ्याकडे खऱ्या काळजीनं पाहिलं.

“असं सांगितलंस तर उद्यापासून एकही जण गोळी घेणार नाही. तुला पास करायला मरतील ते.”

प्राचार्यांनी आम्हाला खुर्चीत बसवून चहा दिला आणि अत्यंत सौम्यपणे विचारलं, “बरणी सबमिशननंतर उघडली असती तर काय बिघडलं असतं?” मॅडम म्हणाल्या, उघडलेली बरणी परत झाकली की बुरशी येते, सर. बाहेर येऊन त्यांनी शिपायाकडून स्टूल मागवलं, फाटकाशी लावलं आणि मार्करनं फ्लेक्सवर ‘अभूतपूर्व यश’च्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. प्राचार्य पुढचा आठवडाभर ‘हे छापलंस कसं’ म्हणून छपाईवाल्याशी भांडत होते.

मी मात्र झोप उडालेला माणूस. वडिलांना फोनवर सांगितलं की जुलै चुकू शकतो. त्यांनी विचारलं, नापास का? मी म्हणालो, नाही, लोकांनी फार सहकार्य केलं. त्यांना हे पटलं नाही, आणि मलाही.

उरलेल्या दिवसांत मी रोज घोटीला गेलो. मॅडमची अट एवढीच की वही न्यायची नाही. घराघरात बसायचं, चहा घ्यायचा, गोळ्यांचं कोणी काढलं तरच बोलायचं. बातमी आधीच पसरली होती. शरमून का होईना, घराघरातून माझा माल बाहेर आला. सुपारीच्या डब्यातून, शिवणाच्या मशीनच्या खणातून, एका घरी गणपतीच्या मखराच्या खोक्यातून. प्रत्येक जण तो माझ्या हातात देताना विचारायचा, आता नापास होशील का रे? मी म्हणायचो, मॅडमच्या हातात आहे. त्यावर माझ्या पानात आणखी भात पडायचा, कारण मॅडमना सगळ्यांनी पाहिलेलं होतं. माझं वजन वाढलं.

प्रबंधाचं नाव बदललं. आता तो गोळ्यांबद्दल नव्हता. गोळ्या मोजायला आलेल्या माणसासमोर लोक कसे वागतात, याबद्दल होता. मी रात्रभर रडून लिहिलेलं प्रकरण मॅडमनी वाचलं आणि एकच शेरा दिला, विशेषणं काढ.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक परीक्षक आले. अंगात थ्री-पीस, बाहेर एप्रिलचं ऊन. त्यांना आधी शाल, श्रीफळ आणि तुळशीचं रोप देण्यात आलं, आणि मग त्यांनी ते तिन्ही मांडीवर घेऊन मला सुनावलं की माझा मूळ सिद्धान्त सपशेल कोसळलेला आहे आणि तो कोसळला हे सांगण्यासाठी मी एवढी पानं खर्ची घातली आहेत. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. तोंडी परीक्षेत मार्गदर्शकानं बोलायचं नसतं. त्या बोलल्या नाहीत, पण स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या हे मी पाहिलं.

मी म्हणालो की हो, कोसळला आहे. पाकिटं मोजून जगात जेवढे प्रबंध झालेत, त्यांतल्या किती घरांत एक बरणी आहे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

परीक्षकांनी तुळशीचं रोप मांडीवरून खाली ठेवलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “आमच्या मातोश्री सगळ्या गोळ्या घेतात, असं आम्ही धरून चाललो आहोत. साधारण कुठे बघायचं असतं?”

मी त्यांना सांगितलं. तो परीक्षेतला शेवटचा प्रश्न होता. मी पास झालो, दुसऱ्या श्रेणीत. लेखी शेरा असा होता की डावीकडचा समास बांधणीसाठी अपुरा आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला पेढे घ्यायला लावले आणि आम्ही घोटीला गेलो. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बरणीचं उघड झाल्या दिवसापासून त्या रोज न चुकता गोळी घेत होत्या, अख्ख्या गल्लीला घ्यायला लावत होत्या, उपासालासुद्धा. आपल्या हातून पोराचं नुकसान झालं, ते भरून काढायचं होतं. त्यांचं बीपी उतरलं होतं. चेहराही बरा दिसत होता.

“झालास का पास?” त्यांनी विचारलं.

झालो म्हटल्यावर त्यांनी पेढा कपाळाला लावला, देवासमोर ठेवून आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानाशी बोटं मोडली. मग सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, “झालं एकदाचं. मग आता गोळ्या बंद करू ना?”

मी मॅडमकडे पाहिलं. माझ्या दुसऱ्या कोष्टकातला एक दशांश चुकला म्हणून ज्यांनी मला पूर्ण प्रकरण परत टाइप करायला लावलं होतं, त्या मॅडमकडे. त्यांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही.

“नाही आजी,” त्या म्हणाल्या. “याची पीएच.डी. राहिली आहे अजून.”

“ती किती दिसांची असती?”

“लांबते. काहींची जन्मभर चालते.”

आजींनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. मग उठून आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि सकाळची राहिलेली गोळी माझ्यासमोर घेतली.

मी जुलैत अंबडला रुजू झालो. पीएच.डी.ला अजून नाव घातलेलं नाही.